तंबूत मारलेली हाक

पडद्यावरच्या माणसाला चित्रपटाच्या भर तंबूत हाक मारणारे माणूस भोळे असते काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहावयास बसलो आहे. प्रश्न मूळचा माझा नाही. मागे एका शिक्षक-संमेलनात, जेवणाच्या पंगतीत, माझ्या शेजारचे एक विद्वान गृहस्थ म्हणाले, "खेड्यातल्या लोकांना पडद्यावरचे सारे खरेच वाटते हो. नायकाच्या पाठीमागे साप आला की खाली बसलेली बाई ओरडून त्याला सावध करते!" पंगत हसली. मला मंजुळामावशी आठवली आणि पानातला भात तसाच राहिला.

उत्तर देण्यापूर्वी उदाहरण नीट मांडावे, असे मी वर्गात नेहमी सांगत असे. माझ्यापाशी उदाहरण एकच आहे. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, हे मी जाणतो. परंतु एका उदाहरणाने नियम मोडता मात्र येतो.

पन्नास ते साठ या दशकाच्या मध्यावर माझी नेमणूक मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टोकावड्याच्या अलीकडच्या एका गावी झाली. शाळेसमोर मंजुळामावशीचे घर. तिच्या पडवीतली एक खोली मला राहावयास मिळाली. मावशी उंच, हाडापेराने मजबूत. चालताना पदर खोचलेला, आणि बोलणे असे की दोन शेतांपलीकडे ऐकू जावे. ती विधवा होती. शेती ती आणि तिचा धाकटा दीर धर्मा मिळून पाहत.

पहिल्याच संध्याकाळी काही तरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "आमच्या गावच्या विहिरीचे पाणी फार गोड."

"हितलं प्यालात?" मावशीने विचारले.

"अजून नाही."

"मग फार गोड कसं काय ठरवलंत? हा घ्या तांब्या. हे बी जिभेवर ठेवा, मग बोला."

मी प्यालो. पाणी खरोखरच अधिक गोड होते. तसे मी प्रामाणिकपणे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "आता कसं मास्तरासारखं बोललात."

न पाहिलेले ती मानत नसे. बी-बियाणे असो, सोयरिकीची मुलगी असो, की तालुक्याहून आलेली बातमी असो; सांगणाऱ्याला तिचा पहिला प्रश्न, "तू सोता बघितलंस?" नाही म्हटले की बोलणे तिथेच संपले. ओढ्याच्या वळणावर एक चिंच होती. भर दुपारी तिच्याखाली एक बाई दिसते, अशी बोलवा उठली आणि चांगले मिशीवाले पुरुष लांबच्या बांधावरून जाऊ लागले. मावशीने फडक्यात भाकरी-कांदा बांधला आणि नेमकी दुपारी चिंचेखाली जाऊन जेवली. परत आली तेव्हा ओटीवर माणसे जमली होती. धर्मा सर्वांत पुढे.

"काय वहिनी, दिसली का?"

"दिसली की! काळी, मोठ्या डोळ्यांची. ढोपरभर पाण्यात बसली व्हती."

"अरे देवा! मग?"

"मग काय! शेपटीनं माश्या हाकीत व्हती. तुमची म्हस हाय ती, भाऊजी. सकाळधरनं सगळ्या रानात हुडकताय ना? जावा, घेऊन या."

त्यानंतर कित्येक दिवस धर्मा दिसला की पोरे म्हशीसारखी रेकत. अशी ही बाई. ती मात्र एका चित्रपटाची वाट वर्षानुवर्षे पाहत होती. पंढरीला जाणाऱ्यालाही नसेल, इतक्या ओढीने.

त्या चित्रपटाची हकीकत अशी. मी गावात येण्यापूर्वी मुंबईची एक कंपनी घाटाच्या पायथ्याशी चित्रीकरणासाठी उतरली होती. पुराने उठलेले एक गाव बैलगाड्यांत संसार भरून नदी ओलांडते, असा प्रसंग त्यांना हवा होता. त्यासाठी आमच्या गावच्या गाड्या काळू नदीच्या पात्रात उतरवल्या गेल्या. दिग्दर्शकाच्या डोक्यावर मोठी टोपी असे, म्हणून गावाने त्याचे नाव टोपीवाला ठेवले. यंत्राकडे कोणी पाहायचे नाही, हा त्याचा एकच हुकूम. आणि नेमके कोणी ना कोणी पाहत असे. धर्मा तर अभिमानाने सांगे, "मी नुसता बघितला नाय, रामराम बी घातला! टोपीवाला टोपी आपटून नाचला." मग गाड्या पुन्हा मागे, पुन्हा पाण्यात.

त्या गाड्यांत मावशीच्या नवऱ्याची, सोमाची, गाडी होती. पुढच्याच वर्षी भातकापणीच्या दिवसांत सोमा तापाने गेला. गावात तेव्हा फोटो म्हणजे देवाचा, नाही तर पुढाऱ्याचा. सोमाचा फोटो कुठेही नव्हता. होता तो फक्त त्या चित्रपटात असेल, तर.

एकदा भात सडता सडता मावशी अचानक थांबली आणि मला म्हणाली, "मास्तर, तुमी शिकलेले. एक सांगा. मला मालकांचा आवाज अजून येतो. खोकला येतो, बैलांना हाकललेलं येतं. पर तोंड येत नाय. डोळे मिटले का नुसतं मुंडासं दिसतं. असं व्हतं का माणसाचं?"

ओटीवर बसलेला धर्मा म्हणाला, "त्यात काय एवढं? माझ्याकडं बघ. आमी दोगं सारखेच व्हतो."

"तुमच्या नाकावर कावळा बसून झोका खाईल, भाऊजी. मालकांचं नाक असं नव्हतं."

"मग कसं व्हतं?"

मावशी मुसळ हातात धरून उभी राहिली. तिला सांगता येईना. धर्मा थट्टा करायला बसला होता. तोही उठून गोठ्याकडे गेला.

चित्रपट पुरा व्हायला वर्षे गेली. पैसे संपले, नटी रुसली, डबे धूळ खात पडले, अशा वार्ता येत. अखेर तो मुंबईत लागला असे कळले, आणि आम्हांला कळेपर्यंत उतरलाही. आता भरवसा फिरत्या तंबूंचा. मावशीने मुरबाड आगाराच्या झाडून सर्व कंडक्टरांना सांगून ठेवले होते. गाडी फाट्यावर थांबली की ती बांधावरूनच ओरडे, "आला का वो आमचा शिनेमा?" आणि कंडक्टर घंटी देता देता म्हणे, "नाय आला, मावशी. आला का पयला तुमालाच आणून सोडतो."

एकदा एक कंडक्टर सांगत आला, शहापूरच्या तंबूवर गाड्यांचे चित्र लागले आहे. दुसऱ्याच दिवशी मावशी, धर्मा आणि वाचून सांगायला मी, असे मुरबाडला एसटी बदलून शहापूरला गेलो. भित्तिपत्रकावर गाड्या होत्या खऱ्या, परंतु चित्रपट भलताच. दरोडेखोरांचा. मी तसे सांगितले.

"बघू तरी," मावशी म्हणाली.

"अगो वहिनी, मास्तर वाचून सांगतायत ना, दुसरा हाय म्हणून?"

"त्यांनी पाटी वाचली. आत कोण हाय ते कुठं बघितलं?"

आम्ही तिघांनी तो संपूर्ण चित्रपट पाहिला. प्रत्येक गाडीवाल्याच्या तोंडाकडे मावशी मान पुढे काढून पाहत होती. बाहेर आल्यावर तिने निकाल दिला, "आपलं कुणी नाय. नि बैलं उपाशी व्हती." परतीच्या वाटेवर धर्मा हळूच म्हणाला, "वहिनी, त्यांनी दादाला कापून टाकला असंल. तंबूवाले बी मधलं मधलं कापतात. लई आस धरू नको." मावशीने खिडकीबाहेर पाहत उत्तर दिले, "कापलेला बघितलात तुमी? मग!"

त्यानंतरच्या पौषात म्हसाची यात्रा आटोपली आणि यात्रेतला तंबू मुरबाडला मुक्कामाला आला. कंडक्टरने गाडी फाट्यावर थांबवून भोंगा वाजवला, तो वाजवतच राहिला. उतारू ओरडू लागले तरी तो थांबेना. मावशी शेतातून धावत आली.

"आला, मावशी! तुमचाच! मी आत जाऊन बघून आलो. नदी हाय, गाड्या हायत!"

"आमचे मालक हायत?"

"ते मी कसे ओळखणार वो? तुमी बघा!"

दुसऱ्या दिवशी सारे गाव निघाले. भात घरात आले होते, बैल मोकळे होते. गाड्यांना घुंगरू बांधले, बायकांनी लग्नातली लुगडी काढली. माझ्या शाळेला मी सुटी दिली नाही. वर्गात कोणी उरलेच नाही, एवढेच नोंदवतो. वाटेत गाणी, कलिंगडाच्या फोडी आणि एकच वाद: पडद्यावर कोणाचा बैल पुढे असेल.

दिवेलागणीनंतर पहिला खेळ सुरू झाला. तंबूत मधोमध दोर बांधलेला. एका बाजूस बायका, दुसऱ्या बाजूस पुरुष. यंत्र एकच असल्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवे लागत आणि दोरापलीकडून आवाज येई, "आले का गो?" "नाय अजून!" मावशीने सुरुवातीस कथेकडे लक्ष दिले नाही. ती फक्त पडद्याच्या कडांना उभी असलेली माणसे तपासत होती. पण नायिकेच्या सासूने तिला घराबाहेर काढले, तेव्हा मावशीचाच आवाज मी ओळखला: "जाशील कुठं गो बाय ह्या पावसात!" शेजारणींनी डोळ्यांना पदर लावले. पडद्यावर नदी फुगत होती. आमच्या गावाने ती ओळखली आणि एकच गलका झाला, "काळू! आपली काळू!"

त्याच क्षणी फीत तुटली.

दिवे लागले. तंबूतून शिट्या आणि शिव्या उठल्या. यंत्रवाला घामाघूम होऊन तुटकी टोके कात्रीने छाटत होता. मी मागे वळून पाहिले तेव्हा मावशी दोराखालून निघून त्याच्यासमोर उभी होती.

"काय कापलंस रे?"

"खराब झालेला तुकडा हाय, मावशी. बसा जागेवर."

"दाखव."

"त्यात काय बघायचंय?"

"कोण हाय ते बघायचंय. दाखव म्हणते ना!"

त्याने तो बोटभर तुकडा तिच्या हातावर ठेवला. मावशीने तो गॅसबत्तीसमोर धरला, एक डोळा मिटला, आणि सोनाराच्या काळजीने एकेक चौकट पाहिली. "झाड हाय," ती म्हणाली. "नुसतं झाड. आपलं कुणी नाय. जोड आता." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अंधार झाला आणि गाड्या पाण्यात उतरल्या.

पहिल्या गाडीचे बैल ओळखताच एक घर ओरडले, दुसऱ्या गाडीला दुसरे. आणि मग, पडद्याच्या डाव्या अंगाने, आमच्याकडे पाठ केलेला एक गाडीवान आला. पांढरे मुंडासे, रुंद खांदे, कासरा एका हातात. फक्त पाठ. गाडी पुढे पुढे चालली होती; आणखी थोडी गेली असती तर पडद्याबाहेर गेली असती.

बायकांच्या बाजूस मावशी उठून उभी राहिली.

"अवो!"

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आमच्याकडे बहुतेक साऱ्या बायका आपल्या नवऱ्याला ‘अवो’ म्हणूनच हाक मारतात. त्यामुळे पुरुषांच्या बाजूस बसलेल्या कितीतरी जणांनी माना वळवल्या. कोणी तरी हसलेदेखील.

"अवो, हिकडं!" मागच्या बायका तिचा पदर ओढू लागल्या, "बस गो, दिसत नाय!" गाडी कडेला पोहोचली होती. तेव्हा मंजुळामावशीने, लग्नानंतर बहुधा प्रथमच, चारचौघांत नवऱ्याचे नाव घेतले.

"सोमाऽऽ!"

आणि पडद्यावरच्या गाडीवानाने मान वळवून मागे पाहिले.

चेहरा पूर्ण दिसला: लांबट, जरा हसरा, नाक बसके, धर्माच्या नाकाशी त्याचे काहीही नाते नव्हते. मग गाडी निघून गेली आणि नायिकेचे गाणे सुरू झाले. मावशी उभीच होती. तिने शेजारणीच्या पाठीवर एवढ्या जोराने थाप मारली की ती कळवळली. "नाक बघितलंस? बघितलंस का गो नाक?" ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते, ते पुसायचे असते, हेही तिच्या लक्षात नव्हते. माझ्या शेजारी धर्मा बसला होता. त्याने टोपी काढून तोंडावर धरली आणि खेळ संपेपर्यंत ती तशीच राहिली.

आमचे विद्वान गृहस्थ तेथे असते, तर हसून म्हणाले असते, पाहा, तिला वाटले हाकेने वळला. गावानेही तेच मानले. रात्रभर मुरबाडच्या बाजारतळावर, सोडलेल्या गाड्यांखाली, त्याचीच चर्चा चालली होती. म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या दिवशी गाव परत निघाले. मावशी म्हणाली, "मी ऱ्हाणार. परत बघायचाय." धर्मा आणि मी तिच्यासोबत थांबलो. त्या संध्याकाळी ती बायकांच्या पुढच्या रांगेत बसली. सासूच्या प्रसंगी बोलली नाही. नदी आली तेव्हाही बोलली नाही. गाडीवानाची पाठ दिसताच तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. गाडी कडेला पोहोचली. तंबूत कोणीही हाक मारली नाही.

तो वळला. तसाच, जरा हसून.

बाहेर येताच धर्माने विचारले, "काय वहिनी, आज दातखीळ बसली व्हती का?"

"गप ऱ्हावा. तपासत व्हते." मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, काल सगळे बोलले, माझ्या हाकेनं वळले. मला बी तसंच वाटलं, घटकाभर. म्हणून आज तोंड दाबून बसले. तरी वळले! म्हंजी हाकेनं नाय वळले. खरं ना?"

"खरे," मी म्हणालो.

"मग कशानं वळले ते मला म्हाईत हाय. शुटिंगच्या दिवशी मी भाकर घेऊन टेकाडावर आले व्हते. टोपीवाला बोंबलत व्हता, ‘इधर मत देखो!’ मालक कधी कुणाचा हुकूम मोडणारे नव्हते. एकदाच मोडला. भाकर आली का बघायला." तिने पदर पुन्हा खोचला. "ते माझ्याकडं बघतायत, मास्तर. मी हाक मारली काय नि न मारली काय."

धर्मा म्हणाला, "भूक लागली असंल दादाला." आणि मावशी इतकी हसली की बाजारातली माणसे वळून पाहू लागली.

सोमाने मान वळवलेला तो तुकडा टोपीवाल्याने का ठेवला, हे मी सांगू शकत नाही. कदाचित दुसऱ्या खेपेचा त्याहून बिघडला असेल. कदाचित त्याच्या पारखी नजरेलाही त्या वळण्यात काही दिसले असेल. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही, असेच लिहिणे बरे.

पुढे माझी बदली शहापूर तालुक्यात, खर्डीस झाली. निघालो त्या दिवशी मावशी मला पोहोचवायला फाट्यावर आली. गाडीतून एक नवी नवरी उतरली. शेजारच्या वाडीतली सून. मावशीने तिला लगेच धरले. "तुजा नवरा सांगत व्हता, तू शिनेमा बघितला नायस म्हणून. आमचे मालक त्यात हायत. असं बघ," आणि रस्त्याच्या कडेला ती गाडीवानासारखी उभी राहिली, एक हात पुढे, जणू कासरा धरलेला, आमच्याकडे पाठ. मी गाडीत चढलो, एसटी सुरू झाली. "अशे चाललेले. नि मग..." तिने मान वळवली. पोरीकडे वळवायची होती, पण मधे गाडी आली, आणि मी मागच्या काचेतून तिच्याकडे पाहत होतो. धुळीत दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच खांद्यावरून पाहत, हसत उभी होती. त्यानंतर ती मला दिसली नाही.

तर माझे उत्तर असे: ती भोळी नव्हती. पडद्यावर काय आहे आणि काय नाही, हे तिला पुरते कळत होते. त्याची तिने परीक्षा घेतली होती. तरीही तिने हाक मारली होती, आणि पुन्हा प्रसंग येता तर पुन्हा मारली असती, असे मला वाटते. कळणे आणि हेलावणे ही एकमेकांना खोडणारी कामे नाहीत, असे माझे अनुमान आहे.

हे अनुमान माझ्या शब्दावर मानू नये. ज्या चित्रपटाने आपले डोळे एकदा ओले केले, तो वाचकांनी पुन्हा पाहावा. पुढे काय होणार हे पुरते ठाऊक असताना, आणि या खेपेस कोरडे राहायचे असे ठरवून. मग काय होते, ते ज्याचे त्याने पाहावे.